चार लोकांत पहिली फुंक

नमस्कार श्रोतेहो.

हौसेनं वाजवणाऱ्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "अहो, एवढं छान वाजवता, एकदा लोकांसमोर वाजवा की!" म्हणणारा म्हणून मोकळा होतो. झोप उडते ती वाजवणाऱ्याची. आज मी त्या झोप उडालेल्यांशी बोलणार आहे. ज्यांनी लोकधुनी ऐकून ऐकून उचलल्या, रीतसर तालीम अशी फारशी घेतली नाही, कामधंदा सांभाळून रोज थोडा वेळ वाद्य हातात धरलं आणि आता पहिल्यांदाच चार लोकांत वाजवायची वेळ आली आहे, अशांशी. मी स्वतः बांबूची बासरी वाजवतो. मीही हौशीच. त्यामुळे उदाहरणं बासरीची जास्त येतील. तारेच्या आणि चामड्याच्या वाद्यवाल्यांनी ती आपापल्या वाद्याला लावून घ्यावीत.

आधी शरीराचं बोलू, कारण पहिल्या वेळी दगा देतं ते शरीर. धून पाठ असते, हात बसलेला असतो आणि तरी ऐन वेळी हातपाय गळतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली याची मांडणी केली. संकट समोर दिसलं की शरीर दोन गोष्टींच्या तयारीला लागतं, झुंजायच्या नाहीतर पळायच्या. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते. रक्त कातडीकडून, बोटांच्या टोकांकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. लाळ कमी होते, श्वास पोटातून वर छातीत चढतो. पळून जायला ही तयारी उत्तम आहे. बासरी वाजवायला हिच्याइतकी गैरसोयीची तयारी शोधून सापडणार नाही. बोटं गार, ओठ कोरडे आणि फुंक आखूड.

मी पहिल्यांदा वाजवायला बसलो तेव्हा माझ्या उजव्या हाताची अनामिका गार पडली होती. बांबूच्या बासरीला किल्ल्या नसतात. भोक झाकायचं ते बोटाच्या गादीनं, आणि नीट झाकलं गेलंय की नाही हे बोटालाच कळायचं. गार बोटाला भोकाची कड लागत नाही. केसभर फट राहिली तरी खालचा सूर बसत नाही. नुसती हवा फुसफुसते, नाहीतर सूर एकदम उडी मारून वरच्या सप्तकात जातो. पाहणाऱ्याला बोट अगदी जागच्या जागी दिसत असतं. मग वाजवणारा घाबरून फुंक वाढवतो, आणि फुंक वाढली की सूर आणखीच वर पळतो. त्यावर उपाय उलटा आहे. फुंक कमी करायची आणि बोट दाबण्याऐवजी सैल, सपाट ठेवायचं. हे घरी करून पाहिलेलं असेल तरच तिथे आठवतं.

म्हणून वाजवायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं महत्त्वाची. पुष्कळ जण तेवढ्या वेळात अख्खी धून पाचदहा वेळा भराभर वाजवून घेतात. ते करू नये. हात एकमेकांवर चोळून गरम ठेवावेत, पाण्याचा घोट घ्यावा आणि बासरीवर सावकाश खर्जातले सूर लावत राहावं. श्वास घेण्याकडे लक्ष देण्यापेक्षा सोडण्याकडे द्यावं. श्वास लांब सोडला की पुढचा आपोआप खोल येतो.

आणि तो सल्ला, "शांत राहा, काही होत नाही"! देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण धडधडणाऱ्या छातीला शांत राहा म्हणून ती राहत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स या अमेरिकन संशोधिकेनं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. तिनं लोकांना अनोळखी माणसांपुढे कराओकेवर गायला लावलं. काहींनी गाण्याआधी "मला धास्ती वाटतेय" असं म्हणायचं, काहींनी "मला उत्साह आलाय" असं. सूर, ताल आणि आवाज यांना गुण देणारं यंत्र होतं. उत्साह आलाय म्हणणारे जास्त चांगलं गायले. छाती दोघांचीही धडधडतच होती. धडधड जात नसेल तर तिला नाव तरी चांगलं द्यावं, एवढं मी त्यातून घेतलं. काही व्यावसायिक वादक हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेतात, हे खरं आहे. पण ती औषधं डॉक्टरांनी द्यायची असतात, दम्याच्या माणसाला ती घातकही ठरू शकतात. दोन धुनींसाठी कुणी त्या वाटेला जाऊ नये.

मोठ्यांना भीती वाटत नसेल, असंही समजू नका. पाब्लो कसाल्स हे विसाव्या शतकातले चेलोचे, म्हणजे व्हायोलिनच्या जातीतल्या मोठ्या तारवाद्याचे, थोर वादक. १९०१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका डोंगरावर दगड पडून त्यांचा डावा हात जखमी झाला. त्या क्षणी मनात पहिला विचार काय आला, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे : चला, देवाची कृपा, आता पुन्हा चेलो वाजवायला नको! भीतीनं त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. तरीही १९७१ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते संयुक्त राष्ट्रसंघात वाजवायला बसले. काय वाजवलं? स्पेनमधल्या आपल्या कॅटलोनियाची एक जुनी लोकधून, पक्ष्यांच्या गाण्याची.

आता कानाकडे येऊ. लोकांसमोर वाजवताना सगळ्यात अनोळखी वाटतो तो आपलाच आवाज, आणि याबद्दल आधी कुणी सांगत नाही. घरी आपण भिंतीपासून दोन हातांवर बसून वाजवतो, आवाज लगेच कानात परत येतो. सभागृहात तसं नाही. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मागची भिंत सतरा मीटरवर असेल तर तुमचा सूर तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण द्रुत धुनीत सेकंदाला आठ सूर पडत असतील, तर परत येणारा सूर जवळजवळ एक घर मागचा असतो. त्याच्या मागे कान गेला की लय रेंगाळायला लागते. नवख्याला वाटतं ठेकेवाला पळतोय. ठेकेवाला जागेवर असतो. म्हणून साथीदाराला हाताच्या अंतरावर बसवा आणि कान त्याच्याकडे ठेवा. शक्य असेल तर त्याचे हातही दिसू द्या, कारण डोळ्याला उशीर होत नाही.

आणखी एक गंमत. लोक येण्यापूर्वी आवाजाची चाचणी घेतात तेव्हा रिकामं सभागृह कसं घुमतं! आपणच आपल्यावर खूश होतो. मग माणसं येऊन बसतात. अंग आणि कपडे आवाज पितात, त्यातही वरचे, धारदार सूर जास्त. तोच सूर आता कोरडा, उघडा वाटतो. आपलं काही बिघडलेलं नसतं, फक्त खोली भरलेली असते.

माईकविषयी थोडक्यात सांगतो. आडव्या बासरीच्या तोंडासमोर थेट माईक ठेवला तर त्यात सुरापेक्षा फुंकेचा वारा जास्त जातो आणि लोकांना वादळ ऐकू येतं. माईक थोडा वर आणि बोटांच्या बाजूला सरकवून ठेवायचा, फोमची टोपी असेल तर ती चढवायची. हे माईक सांभाळणाऱ्याला आधीच गोड शब्दांत सांगावं. गोड शब्दांत हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण त्या दिवसापुरता तुमचा आवाज त्याच्या हातात असतो.

तापमानाचंही तसंच. मंचावर दिव्यांची धग असते. हवा तापली की तिच्यात ध्वनीचा वेग वाढतो, तीस अंशाला तो सेकंदाला सुमारे ३४९ मीटर होतो, आणि बासरी चढते. त्याच धगीनं तारा सैलावतात आणि उतरतात. म्हणजे खाली बसून पक्कं जुळवून आणलेलं दोघांचं वाद्य वर गेल्यावर एकमेकांपासून दूर सरकतं, तेही विरुद्ध दिशांना. बासरीवाल्याला फुंकेचं भोक किंचित आत वळवून सूर थोडा उतरवता येतो, पण मिळवण्याचं मुख्य काम तारवाल्याचं. पहिली धून झाल्यावर न लाजता पुन्हा जुळवून घ्यावं. लोक त्याला मुळीच कंटाळत नाहीत, उलट सरसावून बसतात.

हे सगळं झालं बाहेरचं. मला जे खरं बोलायचंय ते असं, की पहिल्यांदा मंचावर जाणारा लोकसंगीतवाला स्वतःला मोजायला चुकीची काठी घेऊन जातो. त्याच्या डोळ्यापुढे असतो मैफलीतला कलावंत. सगळे गप्प, एकटा वाजवतोय, प्रत्येक सूर तोलला जातोय. पण ज्या धुनी तो वाजवणार असतो, त्यातल्या कितीतरी अशा प्रसंगासाठी जन्मलेल्याच नसतात. त्या नाचायच्या, वल्हवायच्या, दळायच्या, मूल निजवायच्या. तिथे वाजवणारे आणि ऐकणारे असे दोन गट नसतातच.

थॉमस टुरिनो नावाचे संगीत-मानववंशशास्त्रज्ञ आहेत. सगळ्यांनी मिळून करायचं संगीत आणि दुसऱ्यांना सादर करायचं संगीत, असा फरक ते करतात. सगळ्यांनी करायच्या संगीतात तुकडे छोटे, पुन्हा पुन्हा येणारे; लय एकसारखी; आवाज दाट, एकात एक मिसळलेले. हे कच्चेपण नव्हे, यात सोय आहे. नवखा माणूस दुसऱ्या फेरीला शिरू शकतो, तिसऱ्या फेरीला सावरू शकतो, आणि त्याचा अडखळलेला सूर दाटीत झाकला जातो. म्हणजे ज्या आवर्तनाला आपण "तेच तेच काय वाजवायचं लोकांपुढे?" म्हणून लाजतो, तेच आवर्तन आपल्याला सांभाळायला धुनीतच ठेवलेलं आहे.

आणि पहिला कार्यक्रम म्हटलं की हौशी माणूस नेमकं तेच कापून टाकतो! तीनदा फिरणारी ओळ एकदाच घेतो, मध्ये कुठून तरी उचललेल्या ताना घालतो, शेवटी जोरदार तिहाई, एकच तुकडा लागोपाठ तीनदा. धून बिचारी ओळखू येत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी उलट करावं. ध्रुवपदाची ओळ घरी घेता त्यापेक्षा एकदा जास्तच घ्यावी. पहिल्या फेरीत लोक ती ओळखतात, दुसरीत मान डोलावतात, तिसरीत गुणगुणायला लागतात. गुणगुणणं सुरू झालं की मंचावरचा माणूस एकटा राहत नाही. भीती कमी करणारं एवढं स्वस्त औषध दुसरं मला ठाऊक नाही.

मग आपण धून बदलली तर चालतं का, असा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं १९५४ साली ब्राझीलमधल्या साओ पावलोत लोकसंगीताची व्याख्या ठरवली. तीत तीन गोष्टी सांगितल्या : परंपरेशी सलगता, व्यक्तीच्या किंवा समूहाच्या प्रतिभेतून येणारा फरक, आणि काय टिकायचं याची समाजानं केलेली निवड. म्हणजे फरक करायला मोकळीक आहेच. पण निवड आपण करत नाही. आपण घातलेली हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी कलाकुसर, लोकांनी उचलली तर ती धुनीत राहील, नाहीतर आपल्याबरोबर घरी येईल. "लोकसंगीत आहे, कसंही वाजवलं तरी चालतं" म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. धून जन्मापासून ओळखणारा माणूस समोर बसलेला असतो. ताना चुकल्याचं त्याला कदाचित कळणार नाही, पण ठेका ढळला तर त्याचा पाय आधी थांबतो.

सुरुवातीच्या भाषणाबद्दल दोन शब्द. "मी काही कलाकार नाही, पहिलीच वेळ आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या," हे म्हणायचा मोह आवरावा. यातून नम्रता पोचत नाही, फक्त लोक काय चुकतंय ते शोधायला लागतात. धून कुठली, ती कशासाठी गायली जायची, तुम्ही ती कुणाकडून ऐकलीत, एवढं सांगा आणि वाद्य तोंडाला लावा. (हे सांगायला मला सोपं आहे. मी आत्ता बंद खोलीत बसलोय, तुम्ही कुणी मला दिसत नाही.)

धून निवडताना एक साधी कसोटी लावा. घरात वाजवत असताना कुणी येऊन तुमच्याशी बोललं, दाराची घंटा वाजली, तरी जी धून हातातून सुटत नाही ती पहिली वाजवायची. काल बसवलेली, जिचं अजून अप्रूप आहे, ती पहिल्या वेळी आणूच नये. आणि सुरू करण्याआधी पहिली ओळ एकदा मनात म्हणायची, घरच्या लयीत. छाती धडधडत असते तेव्हा योग्य लयही संथ वाटते, आणि हात आपोआप पुढे धावतो. मनातल्या ओळीपेक्षाही थोडं सावकाश धरलं तरी प्रत्यक्षात ते बरोबर उतरतं.

कार्यक्रम संपल्यावर "कसं झालं?" असं त्याच संध्याकाळी कुणाला विचारू नका. सगळे छानच म्हणणार, आणि तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाला तरी फोनवर ध्वनिमुद्रण करायला सांगून ठेवा, पण मंचाजवळ नको, लोकांच्या मधोमध बसून. दोन-चार दिवस जाऊ द्या, मग ऐका. स्वतःच्या फसलेल्या जागा ऐकू येतीलच, त्या शोधाव्या लागत नाहीत. त्याऐवजी लोकांनी टाळीचा ठेका कुठल्या फेरीला धरला ते ऐका, आणि त्यांची टाळी तुमच्या पुढे आहे की मागे तेही. पहिल्या वेळी बहुधा ती मागे असते, जरा ओढून धरल्यासारखी, कारण त्यांना ती धून तेवढ्याच चालीत माहीत असते. त्या टाळीवर बोट आपटत धून एकदा म्हणून पाहा, आणि पुढच्या वेळी सुरुवात त्याच लयीत करा.

नमस्कार.