दर विचारण्याआधी सातबारा उतारा वाचा

मंडळी, समृद्धी महामार्ग झाला, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहतेय, आणि जालना असो की संभाजीनगर, चहाच्या टपरीवरसुद्धा प्लॉटचाच विषय निघतो. माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न असतो, "वकीलसाहेब, कोणत्या बाजूला घ्यावा?" मी विचारतो, "जमीन मूळची कोणाची?" मराठवाड्यात गुंतवणूक बुडते ती बहुतेक वेळा या प्रश्नाला बगल दिल्यामुळे.

आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे इनामं होती, म्हणजे राज्यानं बक्षीस किंवा सेवेपोटी दिलेल्या जमिनी. कुणाला निर्वाहासाठी मदतमाश, तर देवळाच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी खिदमतमाश. 1954 च्या हैदराबाद इनाम कायद्यानं पुष्कळ इनामं खालसा, म्हणजे रद्द होऊन सरकारजमा झाली, पण म्हणून सगळी जमीन विकायला मोकळी झाली असं मुळीच नाही. खिदमतमाश ही सेवेपोटी दिलेली असते. सेवा करणाऱ्या घराण्याला ती जमीन आपली म्हणून विकता येत नाही. कूळकायद्यात मिळालेल्या किंवा सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्यात, वाटप झालेल्या जमिनीलाही अटी चिकटलेल्या असतात.

परवा एक गुरुजी आले. सेवानिवृत्तीच्या पैशातून इसार देऊन बसले होते. सातबारा हातात, त्यावर मालकाचं नाव ठसठशीत, त्यामुळे निर्धास्त. मी बोट ठेवलं ते दोन ठिकाणी. वर भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग-2' लिहिलेलं, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. खाली 'इतर अधिकार'च्या रकान्यात एका जुन्या फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, नंबर. तो फेरफार काढला, 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची सरकारी नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवलं, आणि जमीन इनामी निघाली. नजराणा, म्हणजे विक्रीसाठी सरकारला द्यायची रक्कम, भरल्याची पावती विकणाऱ्याकडे नव्हती, परवानगीही नव्हती. हे सगळं खरेदीखतानंतर कळलं असतं तर शर्तभंगाचं, म्हणजे अटी मोडल्याचं, प्रकरण गुरुजींच्या म्हातारपणाला लागलं असतं. खरं सांगतो, अशा वेळी माझा जीव तुटतो, कारण तो पैसा सट्ट्याचा नसतो, लेकीच्या लग्नाचा असतो.

दुसरा प्रकार वीस गुंठ्यांचा तुकडा दहाजणांनी मिळून घेण्याचा. एका सातबाऱ्यावर दहा अनोळखी लोकांची नावं, सामायिक खरेदी. तुमचा कोपरा कोणता, रस्ता कुठून, काहीच कागदावर नाही. पुढे एकजण वाटणीला अडून बसला की बाकीचे नऊजण कोर्टात. आणि नुसत्या बाँडवर नोटरी करून घेतलेला गुंठा? नोंदणी केलेल्या खरेदीखताशिवाय मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय. "पुढे गुंठेवारीत नियमित होईल", म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट कायदेशीर करण्याच्या कायद्यात बसेल, हे एजंट अजूनही सांगतात. 2021 च्या दुरुस्तीनं ती सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीपुरतीच वाढवली आहे. आज पाडलेल्या प्लॉटला तिच्या भरवशावर हात लावू नका.

लेआऊट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी नंबर मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. जाहिरातीत छापलेला नंबर शेजारच्या टप्प्याचा असू शकतो. अकृषिक, म्हणजे बिगरशेती, वापराचे कागद आणि मंजूर नकाशा ताडून पाहा, सूची दोनवरून, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या यादीवरून, तीस वर्षांचा शोध घ्या, भूमी अभिलेखची मोजणी करून खुणा पायाखालून घाला.

मागच्या रांगेतून विचारलंत, पैसे रोख आहेत, मग कर्जाची काय गरज? कर्ज घ्या असं मी म्हणत नाही. पण कागद एकदा राष्ट्रीयीकृत बँकेत दाखवा. बँकेचा पॅनेलवरचा वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतो, आणि बँक या प्लॉटवर कर्ज द्यायला नाही म्हणाली तर कारण लेखी मिळो न मिळो, तोंडी तरी विचारून घ्या. उद्या तुम्ही तो विकायला काढाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाईकालाही बहुधा कर्जच लागणार आहे.