बटन ग्विनेट यांची सही

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर 56 सह्या आहेत. त्यांतली बटन ग्विनेट यांची सही सगळ्यांत दुर्मीळ. 2010 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती असलेल्या एका पत्राला 7 लाखांहून अधिक डॉलर मिळाले. हयातीत मात्र या माणसाची सही सावकाराला नकोशी झाली होती.

जन्म 1735चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचा. घरी पाद्री वडील. व्यापारासाठी ते अमेरिकेत आले आणि 1765च्या सुमारास जॉर्जिया वसाहतीतल्या सव्हाना शहरात त्यांनी दुकान थाटलं. ते काही चाललं नाही. मग कर्ज काढून किनाऱ्याजवळच्या सेंट कॅथरिन्स बेटावर जमीन घेतली, आणि ती कसायला माणसंही विकत घेतली.

इथे जरा थांबू या. जॉर्जिया 1733 साली वसली, तेव्हा तिथे गुलाम ठेवायला बंदी होती. ती 1751 साली उठली. म्हणजे ग्विनेट आले तेव्हा हा बाजार जेमतेम पंधरा वर्षांचा होता, आणि ते त्यात सहज शिरले. 2 ऑगस्ट 1776 रोजी त्याच हाताने त्यांनी ‘सर्व माणसं समान जन्माला येतात’ या वाक्याखाली सही केली. मला हे वाचताना दरवेळी बेटावर राबणारी ती माणसंच आधी आठवतात.

मळा बुडाला, जमीन सावकारांकडे गेली. राजकारणात मात्र ते चढत गेले. जॉर्जियाच्या पहिल्या राज्यघटनेच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता, आणि मार्च 1777मध्ये राज्याचं अध्यक्षपदही आलं. पण मनात एक सल होता. सैन्याचं जे सेनापतिपद त्यांना हवं होतं, ते लॅकलन मॅकिंटॉश यांना मिळालं होतं. ग्विनेट यांनी अध्यक्ष झाल्यावर मॅकिंटॉश यांच्या भावाला अटक करवली. त्यातच ब्रिटिशांच्या ताब्यातल्या ईस्ट फ्लोरिडावरची मोहीम फसली आणि दोघं एकमेकांवर खापर फोडू लागले. मॅकिंटॉश यांनी भर सभेत त्यांना हलकट आणि खोटारडा म्हटलं. ग्विनेट यांनी द्वंद्वाचं आव्हान दिलं.

16 मे 1777. सव्हानाबाहेरचं कुरण, दोन पिस्तुलं. दोघांच्याही पायाला गोळी लागली. मॅकिंटॉश बरे झाले. ग्विनेट यांची जखम चिघळली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. वय 42.

जाहीरनाम्यावर सही करून तेव्हा दहा महिनेही झाले नव्हते. सरकारी कागद साठायला वेळच मिळाला नाही. आज जगात त्यांच्या सह्या उरल्यात जेमतेम पन्नासेक, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कर्जाच्या, देण्याघेण्याच्या कागदांवर आहेत.