पऱ्हाटीचा कोळसा आणि सुपरकपॅसिटर

परभणी, मानवत, सेलू या पट्ट्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात वाळलेली पऱ्हाटी उभी राहते. थोडी सरपणाला जाते, बरीचशी बांधावर पेटवली जाते. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून ती शेतात राहू देणेही परवडत नाही. याच काडीपासून सुपरकपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या एका साधनाचा, इलेक्ट्रोड (ज्यावर विद्युतभार साठतो तो भाग) तयार करता येतो.

बॅटरीत ऊर्जा रासायनिक अभिक्रियेतून साठते. सुपरकपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोलाइट या द्रावणातील आयन (विद्युतभारित कण) कार्बनच्या पृष्ठभागाला केवळ चिकटतात आणि सुटतात, त्यामुळे तो काही सेकंदांत भारित होतो आणि लाखो वेळा वापरता येतो. उणीव एकच, पण मोठी आहे: लिथियम-आयन बॅटरी किलोमागे १५० ते २५० वॉट-तास साठवते, तर सुपरकपॅसिटर साधारण ५ ते १०.

ही उणीव भरून काढण्याचे काम कार्बनपासून सुरू होते. नायट्रोजनच्या प्रवाहात, हवा लागू न देता भाजलेल्या पऱ्हाटीचा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीबरोबर ७०० ते ८०० अंश सेल्सियसला तापवतात. तेव्हा अल्कली कार्बनला आतून कोरत जाते, आणि समोर दिसणाऱ्या, बोटाला काजळीसारख्या चिकटणाऱ्या एक ग्रॅम पुडीत वीस गुंठे शेताएवढा, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर पृष्ठभाग सामावू शकतो.

मात्र नुसत्या क्षेत्रफळावर भाळून चालत नाही. गोगोत्सी, सिमॉन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की एक नॅनोमीटरपेक्षा (मीटरच्या अब्जाव्या भागापेक्षा) अरुंद छिद्रांत आयन आपल्याभोवतीचे द्रावकाचे वेष्टन काही अंशी टाकून शिरतात आणि धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, अनपेक्षितपणे वाढते. पण तिथवर वेगाने पोहोचायला २ ते ५० नॅनोमीटरच्या रुंद वाटाही लागतात. कोरणे अति झाले, तर भिंती पातळ होतात, घनता घटते आणि तेवढ्याच आकारमानात कमी ऊर्जा मावते.

मोजमापातही सावधगिरी हवी. एका इलेक्ट्रोडची धारिता ग्रॅममागे २०० फॅरड (धारितेचे एकक) भरली, तरी दोन सारख्या इलेक्ट्रोडांच्या पूर्ण घटात (सेलमध्ये), दोन्हींचे वजन धरून, ती ५० वरच येते. पातळ थरावर मिळालेला आकडा जाड थरावर टिकतो का, हेही तपासलेच पाहिजे.

ऊर्जा व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इलेक्ट्रोलाइट पाण्यातला असेल, तर पाण्याचे विघटन सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टलाच सुरू होते; उलट सेंद्रिय द्रावकातले इलेक्ट्रोलाइट सुमारे २.७ व्होल्टपर्यंत टिकतात. या व्होल्टतेला कार्बनची अशुद्धी नडते: लोहाचे अंश उरले की साठवलेला भार आपोआप गळतो आणि पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त अणुगट विघटित होऊन वायू तयार करतात. शेतातल्या काडीत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका असतेच, शिवाय चिकटलेली मातीही येते आणि तिचे प्रमाण शेतागणिक बदलते. म्हणून पऱ्हाटीच्या प्रत्येक खेपेची राख आधी मोजावी, आम्लाने केलेली धुलाई त्यानुसार ठरवावी आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुताना निथळलेले पाणी उदासीन होईपर्यंत थांबू नये.