चारशे एकोणतीस कोटींची संख्या आणि 641

फळ्यावर 4294967297 लिहिलंय. वाचून बघा: चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. शेवटी 7, म्हणजे 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 59, म्हणजे 3 सुद्धा बाद. शाळेत पाठ केलेल्या सोप्या कसोट्या इथेच संपतात.

ही संख्या म्हणजे 2 चा 32वा घात अधिक 1. 2 चे 1ला, 2रा, 4था, 8वा आणि 16वा घात घेऊन प्रत्येकात 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 मिळतात. पाचही मूळ संख्या. तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा यांनी 1640 च्या सुमारास पत्रांतून लिहिलं, की ही रांग अशीच मूळ संख्यांची चालत राहील असं त्यांना वाटतं. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. रांगेतली पुढचीच संख्या ही फळ्यावरची.

गणितज्ञ गोल्डबाख यांनी 1729 मध्ये हा प्रश्न दुसरे गणितज्ञ ऑयलर यांच्या कानावर घातला. 1732 मध्ये ऑयलर यांनी उत्तर दिलं: 641 गुणिले 6700417. गुणून बघा. सहाशेपट 4020250200, एकेचाळीसपट 274717097. बेरीज बरोबर फळ्यावरची.

पण गुणाकार जुळला म्हणून माझं समाधान होत नाही. भाग का जातो, ते बघायचं. 641 कडे दोन बाजूंनी पाहा. 5 गुणिले 128 म्हणजे 640; 641 ने भागायचं तर तो उणे 1 सारखाच वागतो. 128 हा 2 चा 7वा घात. या 640 चा चौथा घात करा: उणे चिन्ह गेलं, उरला 1. म्हणजे 625 (5 चा चौथा घात) गुणिले 2 चा 28वा घात, याची बाकी 1. आता दुसरी बाजू. 625 मध्ये 16 मिळवले की पुन्हा 641! म्हणून 625 च्या जागी उणे 16 ठेवा. 16 हा 2 चा चौथा घात. 28 आणि 4, बत्तीस. उणे चिन्ह पलीकडे नेलं, की 2 च्या 32व्या घाताची बाकी उणे 1 येते. त्यात 1 मिळवला की बाकी शून्य. हे पहिल्यांदा वहीत करून पाहिलं तेव्हा मी ती ओळ कितीतरी वेळ नुसती बघत बसलो होतो.

हा 641 सापडला कसा? डोळे झाकून भागत बसलं, तर वर्गमूळापर्यंत 6542 मूळ संख्या पडतात. ऑयलर यांनी नंतरच्या लेखात सिद्ध केलं, की या संख्येचा कोणताही मूळ विभाजक 64 च्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो. तशा मूळ संख्या 193, 257, 449, 577, 641. पाचवा भागाकार, आणि काम झालं! 65537 च्या पुढे आजवर एकही मूळ फर्मा संख्या (म्हणजे फर्मांच्या त्या रांगेतली संख्या) सापडलेली नाही.

जाता जाता हिच्या शेजारणीकडेही बघा, दोनने लहान 4294967295. ती म्हणजे 3, 5, 17, 257 आणि 65537 यांचा गुणाकार. गणितज्ञ गाउस यांच्या सिद्धांतानुसार तेवढ्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. विषम बाजूंची याहून मोठी अशी आकृती अजून कोणालाही माहीत नाही.