मागच्या रांगेपर्यंत

(शाळेच्या हॉलचं नाट्यगृह करण्यासाठी देणग्या मागताना माजी विद्यार्थी आणि पालकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मागच्या रांगेतल्या मंडळींनो, मी माईक बाजूला ठेवलाय. ऐकू येतंय का? “घुमतंय” असं कोणीतरी म्हणालं. घुमणारच. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना कोऱ्या भिंती. आवाज शोषून घेणारं इथे काही असेल तर ते तुमच्या अंगावरचे कपडे. रिकाम्या हॉलमध्ये तालीम चालते तेव्हा तेवढंही नसतं.

गॅदरिंगला काय होतं बघा. सातवीतली मुलगी वाक्य म्हणते, तिचा पहिला शब्द विरायच्या आत पुढचे चार त्यावर येऊन आदळतात. सर विंगेतून सांगतात, “मोठ्यानं बोल!” ती ओरडते, मग आणखी घुमतं. अशी किती मुलं इथून ओरडायला शिकून गेली आणि त्यालाच अभिनय समजत राहिली!

हे दुखणं जुनं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला फॉग संग्रहालयाचं नवंकोरं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिननं जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, कमीजास्त मांडून बघितल्या आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचं मूळ सूत्र त्या गाद्यांतून निघालं. आपल्याला तर शोधही लावायचा नाही. छताखाली आणि मागच्या भिंतीला रॉकवूलचे, म्हणजे दगडाच्या तंतूंचे, बोर्ड, बाजूंना भरपूर चुण्यांचे जाड पडदे, एवढ्यानंही खूप फरक पडेल. कोणी हौसेनं अंड्यांचे ट्रे आणून चिकटवू नका. ते आवाज फारसा शोषत नाहीत, पेट मात्र चटकन घेतात.

आगीचं म्हणतोय ते उगाच नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत जळालं. रंगमंच म्हणजे लाकूड, कापड आणि तापलेले दिवे. आपल्याकडे आजही गॅदरिंगचे सगळे स्पॉटलाइट एका एक्स्टेंशन बोर्डावर चालतात. म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव वायरिंगचं: स्वतंत्र थ्री-फेज लाइन, नीट अर्थिंग, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी दोन दारं.

दुसरं नाव मेकअप रूमचं. सध्या मुली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ब्युरेटच्या स्टँडांवर साड्या टाकून कपडे बदलतात. दाराला आतून कडी नाही, बाहेर एक बाई पहारा देतात.

देणगी मागायला गेलं की प्रश्न येतो, “नाव कुठे लागणार?” अर्थिंगच्या खड्ड्यावर नाव लावता येत नाही हो! दर्शनी कमानीला पैसे पटकन मिळतात, कडीला मिळत नाहीत. मला कमान नकोय.

“एवढ्याशा शाळेला नाट्यगृह कशाला?” असंही विचारलं जातं. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल काही नाट्यगृह म्हणून बांधलेला नव्हता. सुलभा देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या ‘आविष्कार’ संस्थेनं १९७४ पासून तिथे प्रयोग सुरू केले. शाळा सुटली की हॉल नाटकाचा. इतर संस्थाही येत गेल्या आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या एका अख्ख्या कालखंडाला ‘छबिलदास चळवळ’ हे नाव मिळालं. एका शाळेनं संध्याकाळी आपला हॉल उघडा ठेवला, त्यातून हे झालं. आपलाही हॉल वर्षातून तीन दिवस वापरून बाकी वेळ बाकांचं गोदाम करायचा असेल, तर कृपा करून एक रुपयाही देऊ नका. तालमी, वक्तृत्व, तबल्याचा वर्ग, गावातल्या भजनी मंडळाचा सराव असं काहीतरी रोज संध्याकाळी इथे चालणार असेल, तरच पैसे द्या. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून तसं लेखी घ्या. मीही तेच मागितलंय.

नकाशा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. आपल्या बॅचेसमध्ये वायरमन आहेत, सुतार आहेत, पडदे शिवणारे आहेत. त्यांनी आधी मला भेटावं. चेकबुकवाल्यांनी त्यांच्यानंतर रांग लावावी.