सही करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

लहानशी खोली. टेबलाच्या एका बाजूला दोघं, समोर एकच माणूस, आणि मध्ये एक कागद. मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये काढली, त्यामुळे हे दृश्य मी त्या दोघांच्या बाजूने पाहिलंय. ‘तुम्हाला कामावरून काढतोय’ असं तिथे सहसा कुणी म्हणत नाही. ‘तुम्हीच राजीनामा द्या, पुढे दुसरीकडे अडचण यायला नको,’ असं म्हणतात. आवाज अगदी मऊ असतो. तो मऊ आवाज मीही लावलेला आहे.

नोटीस आणि भरपाईबद्दल बोलायचं तर या राजीनाम्यापासूनच सुरुवात करावी लागते. कारण पहिला प्रश्न येतो तो हाच, की नोकरी संपवली कुणी? कंपनीने संपवली असेल, तर नोटीस तिने द्यायची आणि भरपाई देय असेल तर तीही तिनेच. तुम्ही राजीनामा दिलात, की नोटीस तुमच्या गळ्यात आणि भरपाईचा विषय बहुधा तिथेच मिटतो. राजीनामा जबरदस्तीने घेतला म्हणून भांडता येतं, पण ती जबरदस्ती सिद्ध करताना माणूस मेटाकुटीला येतो.

आता नोटीस. कराराच्या कागदावर हा शब्द किरकोळ वाटतो, पण माझ्या मते दोन्हींत जास्त मोलाची तीच. नोकरीत असताना नोकरी शोधणं आणि घरी बसून शोधणं, यातला फरक ज्याने भोगलाय त्याला सांगायला नको. ब्रिटनमध्ये दोन वर्षं भरली की सेवेच्या प्रत्येक वर्षाला एक आठवडा अशी कायद्याने किमान नोटीस मिळते, जास्तीत जास्त 12 आठवडे. जर्मनीत 20 वर्षं झालेल्या माणसाला मालकाने सात महिने आधी सांगावं लागतं. अमेरिकेत एकेका माणसासाठी असा सर्वसाधारण केंद्रीय नियमच नाही. तिथे 1988 चा ‘वॉर्न’ कायदा आहे. साधारण 100 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठी कपात करायची असेल, तर 60 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. भरपाई मात्र तो कायदा देत नाही. ती करारात असेल किंवा कंपनीच्या मनात असेल, तरच.

बहुतेक ठिकाणी नोटिशीऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार हातात देऊन आजच निघा म्हणता येतं. कंपनीला हे सोयीचं, आणि रक्कम बघून आपल्यालाही बरं वाटतं. पण तो पगार नोटिशीचा झाला. भरपाई वेगळी. ही गल्लत मी शिकलेल्या, हिशोबी माणसांना करताना पाहिलंय. तीन महिन्यांचं ‘पॅकेज’ म्हणून जे पुढे केलं जातं, त्यातले दोन महिने कित्येकदा नोटिशीचेच निघतात. शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, जे एरवीही मिळणारच होतं, तेही त्याच बेरजेत घालून आकडा फुगवलेला असतो. म्हणून एकूण रक्कम ऐकून मान डोलावू नका, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा.

भरपाई म्हणजे घालवलेल्या वर्षांची किंमत. ब्रिटनने 1965 साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आज तिथे वयाच्या 22 ते 40 मधल्या प्रत्येक वर्षाला एका आठवड्याचा पगार आणि 41 पासून पुढे दीड आठवड्याचा, पण किमान दोन वर्षं नोकरी झालेली हवी. भारतात 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली जे माप आलं, ते दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी वेतनाचं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे आठ वर्षं सात महिने झाले असतील तर नऊ वर्षं, 135 दिवस. वरच्या पदाचे व्यवस्थापक यात येत नाहीत. त्यांना करारपत्रच वाचावं लागतं, आणि ते रुजू व्हायच्या दिवशी कोण वाचतो?

कायदा असला म्हणजे तो पाळला जातोच असंही नाही. 17 मार्च 2022 रोजी ब्रिटनमधल्या पी अँड ओ फेरीज या बोट कंपनीने सुमारे 800 खलाशांना आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओवरून काढलं. कामगार संघटनांशी आधी चर्चा करणं बंधनकारक होतं, ते आपण केलं नाही, असं कंपनीच्या प्रमुखाने संसदेच्या समितीपुढे सरळ कबूल केलं. त्याऐवजी पैसे मोजले. वेळ विकत घेता येत असेल, तर मोठी कंपनी ती घेते.

राहिला तो कागद. अमेरिकेत 40 वर्षांवरच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचे दावे सोडून देण्याची सही घ्यायची असेल, तर 1990 च्या कायद्याप्रमाणे विचाराला 21 दिवस द्यावे लागतात, सामूहिक कपातीत 45. सही केल्यावरही ती मागे घ्यायला सात दिवस असतात. अशी सवलत सगळीकडे नाही. पण ‘घरी नेऊन वाचतो’ म्हणायला कायदा लागत नाही. आमच्या फाइलमध्ये बहुधा दोन आकडे असायचे, एक समोर ठेवायचा आणि दुसरा, कुणी सोमवारपर्यंत वेळ मागितला तर द्यायचा. वेळ मागणारे फार थोडे असत.

नमस्कार.