वाटीएवढा होल, लिंबाएवढा चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

मी नागपुरातल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. आमच्या मैदानावर कडुनिंबाची दोन झाडं आहेत, एक हापशी आहे आणि बाकी सगळी काळी माती. याच मैदानावर गेली काही वर्षं मी पाचवी ते आठवीच्या मुलांना गोल्फ शिकवतोय. हे सांगितलं की लोक विचारतात, "सर, गोल्फ? आपल्या पोरांना?" त्या प्रश्नासाठीच आज बोलायला आलो आहे.

आधी मापं सांगतो. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. म्हणजे घरातली वरणाची वाटी. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे बाजारातलं एक लिंबू. ते लिंबू त्या वाटीत कमीत कमी टोल्यांत पोचवायचं, एवढाच हा खेळ. पहिल्यांदा मातीत खड्डा करून मी हे दाखवलं तेव्हा सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे तं कंचेच झाले ना जी!" तो बरोबर बोलला होता. नागपूरच्या महाल नाहीतर इतवारी भागातल्या गल्लीत टाचेनं खड्डा करून कंचे, म्हणजे गोट्या, खेळणाऱ्या मुलाला नेम आणि अंदाज या दोन्ही गोष्टी आधीच येत असतात. आपण त्याच्या बोटांतलं ते शहाणपण हातातल्या काठीत उतरवायचं असतं.

सुरुवातीला मी मात्र उलटं केलं. रांगेत उभं करून पाय कसे ठेवायचे, अंगठा कुठे, कोपर कसं, हेच सांगत बसलो. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात पन्नास मुलं. तास संपला तेव्हा निम्म्या मुलांनी चेंडूला हातही लावला नव्हता. त्या दिवसानंतर मी शिकवण्याची दिशाच बदलली. आता आम्ही होलपासून सुरू करतो आणि हळूहळू मागे सरकतो.

यामागे हिशेब आहे. 18 होलच्या मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित टोले, साधारण 72 असतो. त्यात प्रत्येक होलसाठी दोन टोले होलजवळच्या गुळगुळीत गवतावरचे, ज्याला पटिंग म्हणतात, असे धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. अर्धा खेळ तिथेच झाला! 7 ऑगस्ट 2021 आठवतो का? टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका टोल्यानं हुकलं. लांब मारणाऱ्यांत ती नव्हतीच, बाकीच्यांचे चेंडू तिच्या कितीतरी पुढे जाऊन पडायचे. ती टिकून राहिली पटिंगच्या जोरावर. त्या स्पर्धेत तिची बॅग उचलायला, कॅडी म्हणून, तिची आई सोबत होती. आमच्या मुलींना मी हे दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी एखादी तरी विचारते, "आईला चालते का जी मैदानात?"

तर पहिला खेळ दोन विटांचा. विटांमध्ये दोन वीत जागा ठेवायची, चार पावलांवरून टेनिसचा चेंडू त्यातून घालवायचा. जमलं की एक पाऊल मागे, हुकलं की त्याच जागी. काठी कशी धरायची, तर हातात संत्र्याची फोड आहे असं समजून. पडू द्यायची नाही आणि रसही निघू द्यायचा नाही. हे नागपूरच्या मुलाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. आणि हात कसा हलवायचा, तर झोक्यासारखा. जेवढा मागे, तेवढाच पुढे. चेंडू लांब पाठवायचा असेल तर झोका मोठा करायचा, मध्येच धक्का द्यायचा नाही. मुलं आपसांतच ओरडतात, "धक्का दिला, धक्का दिला!" तेव्हा मला काही बोलावंच लागत नाही.

मग येते चिप, म्हणजे चेंडू थोडा उडून पुढे घरंगळणारा छोटा टोला. इथे प्रत्येक मूल एकच चूक करतं. चेंडू खालून उचलायला जातं, आणि काठी चेंडूच्या डोक्यावर बसते. उचलायचं काम क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, तिरप्या पात्याचं आहे, हे तोंडानं सांगून पटत नाही. म्हणून आधी काठी बाजूला ठेवून हातानं, खालून, चेंडू जुन्या टायरमध्ये टाकायला लावतो. तो कुठे टप्पा घेतो, किती घरंगळतो हे बघायचं. मग तोच हात, तोच झोका, फक्त हातात प्लॅस्टिकचा हलका क्लब. नेम पक्का व्हायला लागला की टायरच्या जागी लगोरी रचतो. त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी वर्गात जायला तयार नसतं.

एक गोष्ट मात्र खेळात सोडून देत नाही. एकदा क्लब मागे नेताना एका मुलाचा फटका पाठीमागच्या मुलीच्या कानाजवळून गेला. लागलं नाही, पण माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून मारणाऱ्याभोवती फक्कीनं गोल आखतो. त्या गोलात दुसरं कोणी नाही. चेंडू आणायला शिट्टी वाजल्यावरच, सगळ्यांनी एकदम, काठ्या जमिनीवर ठेवून जायचं. शाळेच्या आवारात खरा, टणक चेंडू मी कधीच काढत नाही. शिक्षक मित्र ऐकत असतील त्यांना हात जोडून सांगतो, तुम्हीही काढू नका.

आपली काळी माती तर वेगळीच शिक्षिका आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, तोवर पाऊस आलेला असतो आणि चेंडू दोन हातांवर रुतून बसतो. जानेवारीत तीच जमीन टणक असते, तोच टोला हापशीपर्यंत जातो. मार्चमध्ये भेगा पडू लागतात, चेंडू भेगेत शिरून वळतो. मुलं आपोआप टोल्याआधी खाली वाकून जमीन बघायला लागली आहेत. मोठे खेळाडू ग्रीनवर, म्हणजे होलजवळच्या त्या गुळगुळीत गवतावर, नेमकं हेच करतात.

मोजणी चिंचोक्यांनी होते. प्रत्येक टोल्याला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. गोल्फमध्ये बहुतेक वेळा पाठीशी पंच नसतो. स्पर्धेत आपलं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो, आपण त्यावर सही करतो, आणि खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर बाद. मागच्या हिवाळ्यात कडुनिंबाला वळसा घालणाऱ्या आमच्या नऊ होलच्या खेळात एक मुलगी जिंकली असं सगळ्यांनी धरलं होतं. ती माझ्याजवळ आली, मुठीतला एक चिंचोका पुढे केला आणि म्हणाली, "सर, झाडामागं एकदा काठी लागली होती चेंडूले. कोणी पाह्यलं नाही." ती दुसरी आली. तो चिंचोका माझ्या टेबलाच्या खणात आहे.

घरी मुलं असतील तर आज संध्याकाळी करून बघा. वरणाची वाटी जमिनीवर आडवी ठेवा, तोंड मुलाकडे. चार पावलांवर चेंडू ठेवा आणि हातात छत्री उलटी धरायला द्या. पहिल्या पाच टोल्यांत काही सांगू नका, नुसतं बघत बसा. सहावा टोला तुम्ही मारा.

नमस्कार.